‘त्यांनीच पेरले, त्यांनीच काढावेत’ : एका फॉरवर्डला सॅपरचं उत्तर

गेले काही दिवस साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या, भरती अकादम्यांच्या आणि गावोगावच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. वर ठळक अक्षरांत मथळा : ‘नाझींना हिरो करणारा सिनेमा साताऱ्यात दाखवला, सावध व्हा!’ खाली नेहमीचा दम, ‘खरा देशभक्त असाल तर पुढे पाठवा’. इतक्या जणांनी तो मला पाठवला की शेवटी उत्तर लिहायला बसलो.

सिनेमा म्हणजे ‘लँड ऑफ माइन’. डेन्मार्कचा, २०१५ सालचा. इथल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात तो दाखवला, त्यावरून हे सगळं. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं : सिनेमा जर्मन पैशावर नाझींची धुणी धुतो, सुरुंग जर्मनांनीच पेरले होते, मग त्यांच्याकडूनच काढून घेतले तर ‘करावे तसे भरावे’, वर्दी घातली की वय संपतं, त्यामुळे ‘कोवळी पोरं’ हे रडगाणं नको, कैद्यांकडून असं काम घेणं तेव्हा कायदेशीर होतं, मुळात असं काही घडलंच नाही, सगळी कल्पना, आणि असले सिनेमे बघून आमची पोरं बुळी होतील. म्हणजे एकाच मजकुरात जे झालं ते योग्यच झालं आणि ते झालंच नाही! दोन्हीपैकी एक काहीतरी धरा की राव.

लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिलेला नाही हे दुसऱ्याच ओळीत कळतं, कारण त्यात कथा जर्मनीत घडते असं ठोकून दिलंय. ती डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर घडते. १९४५ चा मे महिना. पाच वर्षं देश दाबून बसलेले जर्मन शरण आलेत आणि किनाऱ्याच्या वाळूत लाखो सुरुंग तसेच पडून आहेत. रासमुसेन नावाच्या डॅनिश सार्जंटच्या ताब्यात चौदा जर्मन कैदी येतात, बहुतेकांना मिसरूडही फुटलेलं नाही. त्याच्या वाटणीच्या किनाऱ्यावर ४५,००० सुरुंग आहेत. एकेकाने तासाला सहा निकामी केले आणि मध्येच उडाला नाहीत, तर तीन महिन्यांत घरी, असं तो त्यांना सांगतो. मग ती पोरं पोटावर झोपून, हातात बारीक सळई घेऊन, वाळू टोचत टोचत पुढे सरकतात. रात्री त्यांना शेडमध्ये कोंडून बाहेरून अडसर लावतात.

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सुरुंग पेरणाऱ्या-काढणाऱ्या लष्करी इंजिनिअर दलाचा. खडकीत घडलो, आणि ऑपरेशन पराक्रमनंतर, म्हणजे २००१-०२ मध्ये पाकिस्तान सीमेवर फौज उभी केली होती त्यानंतर, राजस्थानच्या वाळूत आपणच पेरलेल्या माइन्स, म्हणजे सुरुंग, काढायला जे गेले त्यांत होतो. त्यामुळे बाकी सिनेमाबद्दल काही का असेना, त्या सळईबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे.

जर्मन पैशाचा मुद्दा आधी उरकून घेतो. दिग्दर्शक मार्टिन झांडव्हलिएट डॅनिश आहे. निर्मिती डेन्मार्क आणि जर्मनीची मिळून आहे, हे खरं. पण डेन्मार्कने हाच सिनेमा आपला अधिकृत प्रतिनिधी म्हणून ऑस्करला पाठवला, २०१७ मध्ये त्याला परभाषिक चित्रपटाचं नामांकन मिळालं, आणि रॉबर्ट हा तिथला मोठा चित्रपट पुरस्कारही त्याने सर्वोत्तम डॅनिश चित्रपट म्हणून घेतला. ज्या देशाला त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय, त्याच देशाने तो अंगावर घेतला. आता यात नाझी हिरो कुठे झाले? पहिल्याच प्रसंगात सार्जंट रस्त्याने परत निघालेल्या एका जर्मन सैनिकाला डॅनिश झेंडा उचलून नेतो म्हणून रक्तबंबाळ होईस्तोवर मारतो, आणि तो इतका का पेटलाय हे बघणाऱ्याला समजतं. सिनेमाबद्दल एक तक्रार मात्र रास्त ठरली असती. त्या पाच वर्षांत जर्मनांनी काय काय केलं हे त्यात जवळजवळ नाही. ज्याला तो इतिहास ठाऊक नाही त्याला डॅनिश लोक उगाचच खुनशी वाटू शकतील. हे कुणी म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण फॉरवर्डवाल्याला ते सुचलंच नाही, कारण त्यासाठी सिनेमा बघावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. ‘त्यांनीच पेरले, त्यांनीच काढावेत.’

ऐकायला हे इतकं सरळ आहे की माझ्या ओळखीचे दोन शहाणे सुभेदारही त्याला ‘लाइक’चा अंगठा देऊन मोकळे झाले. पण ‘त्यांनीच’ म्हणजे नेमकं कुणी? जर्मनीने ९ एप्रिल १९४० रोजी डेन्मार्क घेतला. नॉर्वेपासून फ्रान्सपर्यंतच्या किनाऱ्याची तटबंदी बांधायचा हुकूम हिटलरने १९४२ मध्ये काढला. तिला खरा जोर आला तो १९४३ च्या अखेरीस, रोमेल या जर्मन सेनापतीकडे पाहणीचं काम आल्यावर. त्याची पहिली फेरी डेन्मार्कलाच झाली, १९४३ च्या डिसेंबरात. आफ्रिकेत सुरुंगांची करामत बघून आलेला माणूस, तो जाईल तिथे अजून पेरा, अजून पेरा म्हणत होता. आता हिशोब करा. मे १९४५ मध्ये जो पोरगा सतरा वर्षांचा होता, तो रोमेल डेन्मार्कला आला तेव्हा पंधरा-सोळाचा होता आणि शाळेत होता. त्याने पेरलं काय? वाळूत सुरुंग घातले दुसऱ्यांनी, हुकूम दिले तिसऱ्यांनी, आणि सळई आली याच्या हातात. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हे. आणि त्याच तटबंदीतले काँक्रीटचे बंकर मोठ्या प्रमाणावर डॅनिश कंपन्यांनी आणि डॅनिश मजुरांनी बांधले, रोख पैसे घेऊन. ‘ज्याने केलं त्याने निस्तरावं’ हा न्याय लावायचाच तर तो बराच लांबवर लावावा लागेल.

यात एक बाजू खरी आहे, ती लपवत नाही. माइनफील्ड ज्याने घातलं त्याच्याकडे नकाशा असतो, ओळी कशा, अंतर किती, कुठे फसवणूक ठेवली, हे त्याला माहीत असतं. म्हणून जर्मन इंजिनिअर अधिकाऱ्यांना आणि मुरलेल्या सॅपर्सना त्या कामाला जुंपण्यात धंद्याचं शहाणपण होतं, आणि प्रत्यक्षात तशा जर्मन अधिकाऱ्यांच्या हाताखालीच हे काम चाललं. पण चार दिवस शिकवून वाळूत सोडलेल्या पोराला तो नकाशा म्हणजे निव्वळ कागद.

ते काम कसं असतं ते सांगतो. सळई सरळ वरून खुपसायची नसते. जमिनीशी साधारण तीस अंशांचा तिरपा कोन धरून सरकवायची, म्हणजे ती सुरुंगाच्या कडेला टेकते, दाब घेणाऱ्या वरच्या भागावर पडत नाही. टेकली की थांबायचं. मग हातांनी वाळू बाजूला करायची, एका वेळी चिमूट-चिमूट, आणि काय सापडलंय ते ठरवायचं. घट्ट मातीत सळईचा हाताला अंदाज येतो. वाळूत येत नाही. वाळू सरकते, सुरुंग मूळ जागेवरून हलतो, कलतो, खोल जातो, वर येतो. राजस्थानात एका रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशी मोकळ्या वाटेची खूण म्हणून बांधलेली पांढरी टेप अर्धी गाडली जायची. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर वाऱ्याच्या जोडीला समुद्र आहे. स्कॅलिंगेन नावाचा तिथला एक भूभाग सुरुंगमुक्त झाला तो थेट २०१२ मध्ये. १९४५ चे सुरुंग २०१२ मध्ये! आणि ते आधुनिक यंत्रं हाताशी असताना.

त्यात जर्मन माल. त्यांची मोठी अँटी-टँक माइन जेवणाच्या ताटाएवढी, लोखंडी, आत पाच किलोच्या वर स्फोटक. तिला वरच्या फ्यूजखेरीज (फ्यूज म्हणजे स्फोट घडवणारी कळ) बाजूला आणि बुडाला आणखी फ्यूज बसवायची सोय असायची, म्हणजे वरचा काढून माइन उचलली की खालचा उडतो. त्याच्या जोडीला साध्या लाकडी पेटीतली छोटी माइन, जेमतेम दोनशे ग्रॅम टीएनटी, पण धातू नावापुरता, त्यामुळे धातू शोधणारा डिटेक्टर गप्प. माणूस ठार करण्यापेक्षा पाय नेण्यासाठी ती केलेली. सिनेमात एक पोरगा माइन व्यवस्थित निकामी करतो आणि उचलायला जातो, तर तिच्या पोटाखाली दुसरी बांधलेली. हा प्रसंग कुणाला फिल्मी वाटला असेल. मला नाही वाटला. आम्हाला शिकवताना उस्ताद पहिल्याच दिवशी हेच सांगायचे : पहिली सापडली की हुरळू नका, तिच्याखाली बघा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे उपास. सिनेमात त्या पोरांना कित्येक दिवस जेवण मिळत नाही. शेवटी ती जनावरांचा खुराक चोरून खातात, त्यात उंदराच्या लेंड्या असतात, आणि सगळे आजारी पडतात. त्याच अवस्थेत सकाळी पुन्हा वाळूवर. मंडळी, आमच्या टीममध्ये कुणी ‘साब, हात कापतोय’ म्हणाला की त्याला त्या दिवसापुरतं बाजूला घेत, आणि त्यावरून कुणी चेष्टा करत नसे. ठरावीक वेळाने माणूस बदलायचा, पाणी प्यायला लावायचं, सावलीत बसवायचं. ही मेहेरबानी नव्हे, कामाची पद्धत आहे. कारण एकाचा हात चुकला तर दोन्ही बाजूंचेही जातात. उपाशी पोराच्या हातात फ्यूज देणारा माणूस माइन काढत नसतो, सूड काढत असतो. माइन राहते तिथेच, पोरगा जातो. ‘करावे तसे भरावे’ म्हणणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारतो की तुम्हाला किनारा मोकळा हवा होता की हिशोब चुकता हवा होता? कारण दोन्हींसाठी कामाची रीत वेगवेगळी आहे.

‘वर्दी घातली की वय संपतं.’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आपल्या भरतीची जाहिरात वाचलेली नाही. साडेसतरा वर्षांच्या आत आपली फौज कुणाला घेत नाही. दाखला नसेल तर परत पाठवतात, मग पोरगा कितीही धावो. वय संपत असतं तर दाखला कशाला मागितला असता? जर्मनीत शेवटी शेवटी हे सगळे बंध सुटले होते. शाळकरी मुलांना विमानवेधी तोफांवर मदतनीस म्हणून न्यायला १९४३ मध्येच सुरुवात झाली. १९४४ च्या शरदात सोळा ते साठ वयाच्या, अजून फौजेत नसलेल्या पुरुषांची लोकसेना उभी केली. मार्च १९४५ मध्ये हिटलर बर्लिनमध्ये पोरांच्या रांगेपुढून गाल थोपटत जातो, ते चित्रण आजही बघायला मिळतं; त्या रांगेत बारा वर्षांचाही एक होता. पुढे पोप झालेले योझेफ रात्सिंगर हे याच पिढीतले. तेही तोफांवरचे मदतनीस होते आणि १९४५ मध्ये अमेरिकनांच्या कैदेत होते.

म्हणून ती सगळी गोगलगाय होती असं मी म्हणत नाही. हिटलर युथ या नाझींच्या तरुण संघटनेतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची, नाझी पक्षाच्या एसएस या सशस्त्र दलात, एक डिव्हिजनच होती. तिने जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत शरण आलेल्या कॅनेडियन कैद्यांना गोळ्या घातल्या. ते भयंकरच होतं. पण कॅनडाने त्यावर काय केलं? त्या डिव्हिजनच्या पोरांना पकडून सुरुंगावर नाचवलं नाही. कुर्ट मायर हा त्यांचा अधिकारी, त्याच्यावर डिसेंबर १९४५ मध्ये लष्करी न्यायालयात खटला भरला, साक्षीपुरावे झाले, फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आणली. हुकूम देणाऱ्याला जबाबदार धरण्याची ती रीत होती. आणि लक्षात घ्या, तिथला गुन्हा काय होता? कैद्याच्या जिवाशी खेळणं, हाच.

आता कायदा. फॉरवर्डमध्ये मोठ्या ऐटीत लिहिलंय की ‘जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्यांकडून काम घेता येतं’. येतं. शेतीचं, रस्त्याचं, लाकूडतोडीचं. पण तेव्हा लागू असलेला युद्धकैद्यांचा करार १९२९ चा, आणि त्याच्या ३२ व्या कलमात आरोग्याला अपायकारक किंवा धोक्याच्या कामावर कैदी लावायला सरळ बंदी आहे. सुरुंग काढणं धोक्याचं नाही असं कुणाला वाटत असेल तर मी त्याला एकदा सळई हातात देतो. मग डेन्मार्कमध्ये हे चाललं कसं? पळवाटेने. शरण आलेल्या जर्मनांना ‘युद्धकैदी’ म्हणायचंच नाही, ‘शरण आलेले शत्रुसैनिक’ म्हणायचं, असा मार्ग ब्रिटिशांनी काढला होता, आणि डेन्मार्कमधल्या जर्मनांना तोच लावला. पाटी बदलली की कलम लागत नाही. कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही ही चाल नवी नाही.

हे चुकलं होतं हे जगाने पुढे चार वर्षांतच लेखी मान्य केलं. १९४९ च्या नव्या जिनिव्हा कराराच्या ५२ व्या कलमात म्हटलंय की स्वतःहून तयार झाल्याशिवाय कैद्याला धोक्याच्या कामावर लावायचं नाही. आणि पुढे मुद्दाम वेगळं वाक्य घातलंय, की सुरुंग काढणं हे धोक्याचंच काम समजलं जाईल. कायद्यात इतकं नाव घेऊन एखादं काम लिहितात तेव्हा त्यामागे कुणाचे तरी हातपाय गेलेले असतात. डेन्मार्कच नव्हे, नॉर्वे आणि फ्रान्सनेही जर्मन कैद्यांकडून हेच करून घेतलं होतं. भारताने या करारांना १९५० मध्ये मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यांचा कायदा केला.

आणि या मुद्द्यावर आपल्याच ग्रुपांची स्मरणशक्ती थोडी जागवावी लागेल. फेब्रुवारी २०१९ आठवा. विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागले, तेव्हा याच ग्रुपांवर जिनिव्हा कराराची कलमं फिरत होती. कैद्याला मारता येत नाही, त्याचा तमाशा करता येत नाही, सुखरूप परत द्यावा लागतो, हे गावातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा पाठ झालं होतं. १ मार्चला ते वाघा सीमेवरून परत आले तेव्हा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पेढे वाटले गेले. कारगिलच्या वेळी कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे हाल करून त्यांना मारलं, त्याचा न्याय आपण आजही कशाच्या आधारावर मागतो? याच कराराच्या. १९७१ ला बांगलादेशात शरण आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी आपण युद्धकैदी म्हणूनच ठेवले, पाटी बदलली नाही, आणि पुढे परत पाठवले. त्याचा आपल्याला अभिमान आहे ना? मग आपल्या माणसाच्या वेळी लागणारं कलम जर्मनाच्या वेळी फाडून टाकायचं, हे चालत नाही. ते कलम शत्रूवर उपकार म्हणून लिहिलेलं नाही.

याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर सिंगापूर घ्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला ते पडलं तेव्हा हिंदी फौजेचे चाळीस हजारांवर जवान जपान्यांच्या हाती लागले. जे आझाद हिंद सेनेत गेले नाहीत त्यांतल्या हजारोंना जहाजात कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या जंगलात हमालीला नेलं. विमानतळ बांधायचे, दारूगोळा वाहायचा, खायला जवळजवळ काही नाही. पुष्कळजण परत आलेच नाहीत. ‘कैदी आहे, हवं ते काम घ्या’ हे तत्त्व मान्य केलं की जपान्यांनाही दोष देता येत नाही. आपल्या साताऱ्याच्या आपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. जिथल्या घराघरांत फौजेतला एक फोटो भिंतीवर असतो, त्या जिल्ह्याने तरी कैद्यांच्या नियमांची थट्टा करू नये असं मला वाटतं. फौजेत पोरं ज्यांची असतात, कैदेत पडायची वेळही त्यांच्याच पोरांवर येते.

‘असं घडलंच नाही.’ घडलं. मे १९४५ पासून पुढच्या काही महिन्यांत दोन हजारांवर जर्मनांनी डेन्मार्कमध्ये चौदा-पंधरा लाखांच्या आसपास सुरुंग काढले. मात्र इथे सिनेमालाही मोकळा सोडत नाही. शेवटच्या पाटीवर तो म्हणतो की यातले जवळपास निम्मे मेले किंवा गंभीर जखमी झाले. नोंदी इतकं म्हणत नाहीत. मेलेले दीडशेच्या आसपास, गंभीर जखमी त्याहून थोडे अधिक, आणि किरकोळ जखमी साधारण तितकेच. निम्मे नव्हेत. शिवाय काढणारे सगळे पोरगेलेसे नव्हते, पुष्कळ चांगले पोक्त सैनिक होते. निव्वळ पोरांची एक तुकडी आणि तिच्यावर एकटा डॅनिश सार्जंट, ही सिनेमाची जुळवाजुळव आहे. रासमुसेन हे पात्रही रचलेलं. आकडा फुगवायची काही गरज नव्हती, आणि फुगवल्यामुळेच ‘सगळं खोटं’ म्हणणाऱ्यांना कोलीत मिळतं. पण दीडशे माणसं मेली म्हणजे काही घडलंच नाही, असा अर्थ निघत नाही. काढताना एवढी माणसं गमावणारी टीम माझ्या वेळी असती तर चौकशी बसली असती.

याला जोडूनच फॉरवर्डमध्ये आणखी एक ओळ आहे, की ज्या डेन्मार्कने ज्यूंना वाचवलं तो असं करेल कसा. वाचवलं, हे खरं. ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांवर ज्यूंना मच्छीमारांच्या होड्यांतून रात्रीबेरात्री स्वीडनला पोचवलं, युरोपात दुसरीकडे कुठे असं झालं नाही. आणि दीड वर्षाने त्याच देशाने कैद्यांना वाळूवर पालथं झोपवलं. दोन्ही खरं आहे. माणसं अशीच असतात, देशही.

मजकुरात नसलेला, पण सभागृहाबाहेर चहा पिताना एका गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न मात्र या सगळ्यांपेक्षा वजनदार होता. ‘साहेब, जर्मनांनी काढले नसते तर काढायचे कुणी? डॅनिश कोळ्यांच्या पोरांनी पाय गमवायचे का?’ याला ‘ते चूक, हे बरोबर’ असं झटपट उत्तर नाही. सुरुंग तिथे होते, सुट्टीला लोक किनाऱ्यावर येणारच होते. माझं उत्तर असं की काढायचे ते सॅपर्सनी. जर्मन सॅपर्सपैकी जे तयार होतील त्यांना घ्यायचं, आणि तयार व्हावेत म्हणून द्यायचं ते द्यायचं : पोटभर जेवण, बदली माणूस, डॉक्टर जवळ, आणि काम झाल्यावर सगळ्यांच्या आधी घरचा रस्ता. नकाशेवाल्या अधिकाऱ्यांना पुढे घालायचं. बाकी किनारा तारेने बंद करून ठेवायचा, वर्ष लागो की दहा. स्कॅलिंगेन तर तसाच बंद ठेवला होता आणि डेन्मार्कचं काही अडलं नाही. घाई होती ती सुरुंगांची नव्हती. काढलेल्या पट्ट्यावरून पोरांना हातात हात घालून चालवतात, काही राहिलं असेल तर त्यांच्याच पायाखाली कळावं म्हणून, तो प्रसंग बघितला की ही घाई कसली होती ते दिसतं.

राहता राहिला ‘पोरं बुळी होतील’ हा मुद्दा. पहाटे पाच वाजता साताऱ्याच्या बाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर जा. बनियन आणि बूट घालून पोरं घड्याळ लावून सोळाशे मीटर धावत असतात, पुढे मोटारसायकलवर शिटी घेऊन अकादमीचे सर. सतरा, साडेसतरा, अठरा. सिनेमातल्या पोरांच्याच वयाची. यांतलं कुणी सिनेमा बघून धावायचं थांबेल असं मला वाटत नाही. थांबतात ती गुडघा गेल्यावर किंवा मेडिकलमध्ये. त्या संध्याकाळी सभागृहात मागच्या रांगेत अशीच काही पोरं होती. सिनेमात स्फोट झाला की पहिल्यांदा हसली, तिसऱ्यांदा हसली नाहीत. बाहेर आल्यावर त्यांतल्या एकाने मला विचारलं ते असं : ‘अण्णा, खालची दुसरी माइन आहे हे आधी कळतं का?’ बुळ्या पोराला हा प्रश्न पडत नाही. मी त्याला कळतं कसं ते जमिनीवर काडीने काढून दाखवलं.

आता ऐकतो की फॉरवर्डच्या धास्तीने दुसरा खेळ रद्द करायचा विचार चाललाय. करू नका. फक्त एक अडचण सोडवा. संवाद डॅनिश आणि जर्मन आहेत आणि खालची अक्षरं इंग्रजीत, ती पळत असताना अकादमीतली निम्मी पोरं मागे पडली. कुणीतरी माईकवर मराठीत सांगायला हवं. कुणी नसेल तर मी येतो. आकड्यांची पाटी आली की तेवढा खरा आकडा सांगेन आणि बाकी गप्प बसेन.